पुढच्या सीटवरचं वजन

चढाच्या पायथ्याशी अल्सीदने गाडी थांबवली आणि शेजारच्या रिकाम्या सीटला सांगितलं, "नीट धरून बस गं."

मागच्या पिकअपमधून झेफिर उतरून आला. हा अल्सीदचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, लॉरेटचा धाकटा भाऊ. त्याने काचेवर टकटक केली. "दाजी, अजून ऐका. दगड माझ्या गाडीत घेऊ. चढ ओला आहे, त्यात पानांचा चिखल झालाय."

"तिचा दगड तुझ्या खटाऱ्यातून नेला तर ती मला घरात घेईल का?"

"ताई वारलीय, दाजी."

"वारली म्हणून रुसणं सोडलं असेल असं वाटतं तुला? तू तिचा भाऊ शोभत नाहीस." अल्सीदने काच वर केली.

गाडी म्हणजे स्टेशन वॅगन. दिवाणखान्याएवढी लांब, दोन्ही अंगांना खोट्या लाकडाची पट्टी. पोरंबाळं आणि सहलीच्या टोपल्या नेण्यासाठी बनवलेली. अल्सीद तिच्यातून थडग्यांचे दगड न्यायचा. मागच्या सीटा पाडायच्या, गोधड्या अंथरायच्या आणि खाणीतला ग्रॅनाइट आडवा आत सरकवायचा. मग गाडीचं बूड रस्त्याला लागायचं आणि नाक असं वर जायचं की समोरच्या काचेतून रस्त्याऐवजी उडणाऱ्या कावळ्यांची पोटं दिसायची. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग नुसतं नावाला उरतं. आणि दफनभूमीच्या या चढाला उजव्या हाताला जुनी खाण होती, काळ्या पाण्याने भरलेली.

त्यावर उपाय एकच, लॉरेट. अंगाने चांगली भरभक्कम बाई. ती पुढच्या सीटवर बसली की नाक निमूट खाली यायचं. लग्न झाल्यापासून प्रत्येक दगडाबरोबर ती गेली, मांडीवर डोनटची पिशवी घेऊन. "मी कुठे खातेय," म्हणायची. "गाडीच्या भल्यासाठी चाललंय सगळं."

गेल्या जानेवारीत ती गेली. अमेरिकेच्या उत्तरेतल्या या व्हरमाँटची जमीन तेव्हा गोठून कुदळीला दाद देत नाही. हिवाळ्यातल्या सगळ्या मयतांसारखी तीही बर्फ वितळेपर्यंत दफनभूमीच्या दगडी कोठीत थांबली आणि मे महिन्यात मातीत गेली. त्यानंतरचा पहिला दगड अल्सीद एकटा घेऊन निघाला. नाक आभाळात जाणार म्हणून त्याने दात आवळले. नाक गेलंच नाही. पलीकडे कुणी बसल्यासारखं खाली राहिलं.

तेव्हापासून तो सीटशी बोलू लागला. कुणाचं कुणाशी बिनसलं, वाटाण्याच्या सुपात आपण मीठ कसं विसरलो, सगळं सांगायचा. सीटवर डोनट ठेवायचा. गाव हसलं, मग हसायचं थांबलं, मग त्याची गाडी दिसली की छातीवर क्रूसाची खूण करू लागलं.

लॉरेटचा दगड मात्र त्याच्या अंगणात पडून होता. दगड बसेपर्यंत मेलेलं माणूस आपल्यांच्या आसपास राहतं आणि दगड बसला की कायमचं जातं, असं इथली म्हातारी माणसं धरून चालतात. अल्सीदने उन्हाळाभर गावाचे दगड पोचवले. बायकोचा उद्यावर ढकलला. आता ऑक्टोबर सरत आला होता. जमीन पुन्हा गोठली की पाया खणता येणार नव्हता, आणि लॉरेटला बर्फाखाली बिननावाची ठेवायची हे त्यालाही सोसवेना.

त्याने गिअर टाकला. मागे दगड कण्हल्यासारखा करकरला. वळणावर मागची चाकं पानांवर घसरली, काळं पाणी उजव्या खिडकीत आलं. अल्सीदने स्टिअरिंग वळवलं. गाडीने ऐकलं. अख्ख्या चढावर नाक खाली होतं.

वर पोचल्यावर झेफिर उतरला तो पांढराफटक. तो सरळ वॅगनसमोर गुडघ्यांवर बसला आणि बंपरच्या मागे हात घालून चाचपू लागला.

"काय हरवलं?" अल्सीदने विचारलं.

"दाजी, मारायचं तर मारा. मे महिन्यात मी इथे रेल्वेच्या रुळाचा तुकडा बांधला होता. तुम्ही खाणीत जाऊ नये म्हणून. नाक धरून ठेवलं ते ताईने नाही. त्या लोखंडाने."

अल्सीद पायरी चुकल्यासारखा गाडीला टेकला. म्हणाला, "सांगायचंस तरी. मी त्याला डोनट देत होतो रे."

"आज कळणारच होतं तुम्हाला. सकाळी तुम्ही चर्चमध्ये मिस्साला गेलात तेव्हा मी तो तुकडा काढून घेतला. म्हटलं, नाक वर जाईल, तुम्ही घाबराल, दगड माझ्याकडे द्याल, आणि हे बोलणं एकदाचं थांबेल. पायथ्याशी बघतो तर नाक खालीच. म्हणून धावत आलो होतो." त्याने हात मागून काढून बंपरवर टेकवला. "तुकडा माझ्या पिकअपमध्ये पडलाय, दाजी. इथे काहीच नाहीये."

दगड अजून वॅगनमध्येच होता. बूड रस्त्याला टेकलेलं होतं, आणि नाक खाली.

अल्सीदने सीटकडे पाहिलं. त्याला तसंच मागे फिरता आलं असतं, दगड परत अंगणात टाकता आला असता. तो क्षणभर तसा उभाही राहिला. मग त्याने टोपी काढली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, दार उघडलं आणि नव्या नवरीसाठी धरावं तसं धरून ठेवलं.

"उतर, लॉरेट," तो म्हणाला. "आलं तुझं ठिकाण."

झेफिरच्या हाताखालून बंपर अलगद निसटला, आणि गाडीचं नाक हळूहळू आभाळाकडे उचललं गेलं.