यशूची झोळी

दिघाशी गावच्या लग्नातला नवरदेव कॉम्प्युटरच्या पडद्यावर हार उचलून पुन्हा अडकला. हात वर, तोंड अर्धवट उघडं, आणि समोर नवरी मान झुकवून ताटकळलेली. संघरत्नाने माउस हलवला, कीबोर्ड बडवला. नवरदेव ढिम्म.

"अजून न्हाय घातला त्यानं हार?" झोळीची दोरी ओढत चंपाबाईंनी विचारलं. सासूबाईंच्या लेखी हा मुलगा सकाळपासून लग्नच लावत होता.

छताच्या कडीला टांगलेल्या झोळीत आठ महिन्यांची यशू गाढ झोपली होती. भिंतीपलीकडच्या कारखान्यात कापड विणणारे लूम खडखडत होते. निजामपुऱ्याच्या त्या गल्लीत खडखडाटाशिवाय पोरांना झोप येत नाही.

फोन वाजला. स्टुडिओवाला प्रितेश.

"ताई, सहाला येतो. व्हिडिओ आज पूजेला पडद्यावर दाखवायचाय. मागच्या दोन वेळा तुमच्याकडून उशीर झाला. आज नाय झालं तर पुढची लग्नं मी दुसऱ्याला देणार, आधीच सांगतो."

"होईल," संघरत्ना म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"दापोड्याला गोडाऊनमधी कामाला बायका घेतात," चंपाबाई हळूच म्हणाल्या. "शेजारची कमळ जाते की. यशूची काळजी करू नको, मी हाय."

त्या मायेनेच बोलत होत्या, म्हणून तर जास्त लागलं. सकाळी अंधारात निघायचं, रात्री परतायचं, आणि पोरगी रांगायला लागली हे घरी आल्यावर ऐकायचं. संघरत्नाला ते नको होतं. आणि हे कामही सोडायचं नव्हतं. ते तिने मोबाइलवर बघून बघून, एकटीने शिकलेलं होतं.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? कॉम्प्युटरच्या पंख्यात अडकलेली रुई काढली, जुन्या फाइली पुसल्या, रॅम वाढवली, व्हिडिओच्या हलक्या कॉपी करून त्यांवर काम करून पाहिलं. दुरुस्तीवाल्या विकीने तर सगळा कारभार हार्डडिस्कसकट दोनदा दुकानात नेला. तिथे कॉम्प्युटर घोड्यासारखा पळायचा आणि घरी आला की बसकण मारायचा. "भाभी, नाटकं करतो हा," म्हणून विकीनेही हात टेकले होते.

तेवढ्यात पलीकडे फट् आवाज झाला आणि सगळे लूम एकदम थांबले. "अरे, पहले मेन बंद कर!" कोणीतरी ओरडलं. कारखान्याचा फ्यूज उडाला होता. गल्ली अशी गप्प झाली की यशू दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं.

आणि नवरदेवाने हार घातला.

नवरी हसली. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. संघरत्ना बघतच राहिली. इतक्या दिवसांत तो पडदा असा सरसर कधी चालला नव्हता. तिने घाईघाईने दोन-चार जागा कापल्या, जोडल्या. सगळं सुरळीत.

मग फ्यूज बसला, लूम धडधडू लागले. यशूचे डोळे मिटले आणि आता नवरीचा हार हवेत अडकला.

या वेळी संघरत्नाने कीबोर्ड बडवला नाही. तिने तळहात टेबलावर ठेवला. टेबल थरथरत होतं. पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक रेघा उठत होत्या. भिंतीला टेकून हार्डडिस्कची काळी डबी पडली होती. लग्नाचं सगळं शूटिंग त्या डबीत. आत गरगर फिरणारी चकती, आणि खाली हे हादरे. खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षात कोणाला पेपर वाचायला बसवावं, तशी त्या चकतीची गत झाली होती. दिवाळीनंतर पलीकडे, अगदी भिंतीला लागून, नवे लूम बसले होते. कॉम्प्युटर रुसला तोही दिवाळीनंतरच.

तिने डबी वायरसकट अलगद उचलून हवेत धरली. नवरीने हार घातला.

"आई, सापडलं!" ती ओरडलीच.

पण एका हाताने काम कसं व्हायचं? तिने डबी उशीवर ठेवून पाहिली. फरशीही हादरत होती, फरक पडला तो थोडाच. चंपाबाईंच्या हातात दिली, तर त्यांचा हात थोड्याच वेळात अवघडला. घड्याळात पाच वाजत आले होते. संघरत्नाने खोलीभर नजर फिरवली. वरचा पंखा सोडला तर भिंतीला किंवा जमिनीला टेकलेली नाही अशी एकच वस्तू त्या घरात होती.

"आई, यशूला मांडीवर घ्या."

"आत्ता तर डोळा लागलाय तिचा! त्या डबीपायी पोरीला उठवतेस?"

"हो. उठली तर उठू दे."

चंपाबाई सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मांडी घालून यशूला उचलून घेतलं. यशू कुरकुरली आणि आजीच्या पदरात तोंड खुपसून पुन्हा झोपली. संघरत्नाने टेबल झोळीकडे ओढलं, वायर झोळीपर्यंत पोचवली आणि जुन्या सुती लुगड्याच्या त्या झोळीत, यशूच्या दुपट्यावर, काळी डबी निजवली.

पलीकडे लूम धडधडत होते. पडद्यावर वऱ्हाड जेवायला बसलं, वाढपी धावू लागले, कोणीही मध्येच थांबलं नाही. संघरत्नाचे डोळे भरून आले. ते पुसायला वेळ नव्हता, तिने तसंच काम पुढे रेटलं.

थोड्या वेळाने सवयीने चंपाबाईंचा हात दोरीकडे गेला.

"आई! हलवू नका!"

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. वरच्या पंख्याच्या वाऱ्याने झोळी जराशी डुलत होती. चंपाबाई बसल्या जागीच पुढे सरकल्या, मांडीवरच्या यशूला एका हाताने सावरलं आणि दुसऱ्या हाताने झोळीचा काठ घट्ट धरला.

"तू कर तुझं काम," त्या म्हणाल्या. "मी हलू देत न्हाय."