श्वासाचा माग

हवेतल्या विषाणूंचा माग काढणाऱ्या यंत्राचा निरोप शलाकाच्या फोनवर आला. शेजारच्या सहा महिन्यांच्या ओवीला झालेला गोवर शलाकाच्या मुलाच्या, ईशानच्या श्वासातून गेला होता. तुमचं नाव ओवीच्या घरच्यांना कळवू का, असं यंत्र विचारत होतं.

लसीवरचे वाद ऐकून घाबरलेल्या शलाकाने ईशानला लस दिलीच नव्हती. तो तापातून उठून खेळायलाही लागला होता. ओवीचं तर अजून लसीचं वयच नव्हतं.

शलाकाचा घरात पाय ठरेना. ती तडक इस्पितळात गेली. ओवीची आई रेवती अतिदक्षता विभागाच्या काचेला हात टेकून उभी होती.

"ईशान बरा आहे ना गं?" रेवतीने विचारलं.

"रेवती, गोवर आमच्याकडूनच आला."

रेवती शलाकाकडे वळली.

"ओवी मोठी झालीच," ती म्हणाली, "तर हे तूच तिला सांग."