म्हातारीची बडदास्त

नगरसेवकाच्या सासूबाई आमच्या गल्लीत एकट्या राहायच्या. म्हातारी म्हणजे नुसता डोक्याला ताप. चहा गोड झाला की मला बोलायची, फिका झाला की माझ्या माहेराचा उद्धार करायची. तरी रोज चहा मीच न्यायचे, समोरची वेळेवर गोळ्या द्यायची, वरच्या मजल्यावरच्या बाई गुडघे चोळायला हजर.

काल जावई गाडी घेऊन आला. “तुम्ही सगळ्यांनी फार केलंत. आता आई आमच्याकडेच राहतील.”

अख्खी गल्ली रडायला लागली. गाडीत बसता बसता म्हातारीने माझा हात धरून मला जवळ ओढलं.

“रडतेस काय, वेडे? उद्यापासून पलीकडच्या गल्लीसारखा तुमच्याकडेही टँकरच येणार. जावयाने नळ बंद करायच्या आत पिंपं भरून घे.”