बिनदाराची भिंत

"भिंत घातली तरी येतोच," सुतार म्हणाला आणि डब्यातला शेवटचा घास तोंडात टाकला.

समोर ओंडक्यावर त्याची मुलगी बसली होती. ती इस्पितळात नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशी बापाचा डबा घेऊन कारखान्यात यायची. कोण येतो, हे तिने विचारलं नाही. कारखान्याच्या मधोमध प्लायवुडची भिंत होती. भिंतीपलीकडे तिचा काका रंधा मारत होता. येणारा तोच.

घरात हे सगळ्यांना पाठ होतं. जेवण झालं की सुतार बाकावर उताणा पडायचा. डोळा लागतो न लागतो तोच जाग यायची, पण हात हलायचा नाही, जीभ उचलायची नाही. छप्पर दिसायचं, पंखा दिसायचा, आणि छातीवर कुणीतरी धोंड्यासारखं बसलेलं असायचं. चेहरा बघावा तर धाकट्या भावाचा. मग एकदम सुटका व्हायची, आणि धाकटा खरोखरच वाकून उभा असायचा. चोर रंगेहाथ सापडला म्हणतात, तो असा.

धाकट्याने एकदाच खुलासा केला होता. दादा, तू झोपेत घुसमटल्यासारखा कण्हतोस, म्हणून मी हलवतो. त्यावर सुताराने 'चोराच्या उलट्या बोंबा' एवढंच म्हटलं. म्हण तयार असली की माणसाला विचार करावा लागत नाही. वाटणी झाली. भिंत मात्र दोघांनी मिळून घातली, कारण एवढे मोठे तक्ते एकट्याला उभे करता येत नाहीत. मध्ये एक दार ठेवू या का, असं धाकट्याने तेव्हा विचारलं होतं.

"दार ठेवलं तर वाटणी कसली?" सुतार म्हणाला होता. आणि सांधे असे चोख बसवले होते की त्यातून सुईसुद्धा जाऊ नये.

मुलीने डब्याची झाकणं लावली आणि शांतपणे समजावून सांगितलं. झोपेत अंग आपोआप बांधलेलं असतं, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून खरंच पळाला असता. कधी कधी मन आधी जागं होतं आणि अंग मागे राहतं. डोळे उघडे, पण स्वप्न संपलेलं नाही. घाबरलेलं मन मग गुन्हेगार शोधायला लागतं, आणि सापडला नाही तर तयार करतं. भूत नाही, करणी नाही. बऱ्याच जणांना होतं.

इतक्या मोठ्या भांडणाला इतकं किरकोळ कारण असावं, हे सुताराला जरा अपमानास्पद वाटलं.

"पण पूर्वी लवकर सोडायचा," तो म्हणाला. "हल्ली जीव जायची वेळ येते तरी उठत नाही."

"कुणी नुसता हात लावला तरी बहुतेक वेळा माणूस सुटतो, बाबा. हल्ली इथे कोण आहे हात लावायला?"

सुतार भुशात बोट फिरवत राहिला.

"काकांचा हात नक्की कुठे असायचा?"

"खांद्यावर."

"तुम्ही सगळ्यांना गळ्यावर सांगितलंत."

"खांद्यापासून गळा काय लांब असतो," सुतार म्हणाला. आवाजात दम नव्हता.

मुलगी डबा धुवायला बाहेरच्या नळावर गेली. जाताना, काकांना भेटून या, म्हणाली. आणि उताणं झोपू नका.

भेटायला जायचं तर रस्त्यावरून वळसा घालून जायचं, हा प्रश्न नव्हता. जाऊन म्हणायचं काय, हा होता. 'झालं गेलं विसरून जा' हे वाक्य त्याने मनात घोळवून पाहिलं. चांगलं वाक्य होतं, पण ते ज्याचं नुकसान झालं त्याने म्हणायचं असतं. दुसरं वाक्य सुचेपर्यंत जरा पडावं म्हणून तो भिंतीला लावलेल्या बाकावर आडवा झाला. बाक अरुंद होता. कुशीवर वळलं तर पडायला होतं. तो उताणाच झोपला.

जाग आली तेव्हा पंखा दिसत होता. हात हलत नव्हता. छातीवर धाकटा बसला होता, आणि भिंतीपलीकडे धाकट्याचा रंधा चालू होता. धाकटा दोन ठिकाणी होता. आता यातला खरा कुठला, हे सुताराला अगदी नीट कळत होतं. कळून अंग सुटत नव्हतं. त्याने हाक मारली. बाहेर पडलं ते कण्हणं.

पलीकडचा रंधा थांबला.

पावलं भिंतीपाशी आली. मग तक्त्यावर खाली, बाकाच्या उंचीवर, त्याच्या खांद्याजवळ कुणीतरी तळहात टेकला. एकदा हलवून पाहिलं. भिंत हलली नाही. काम दोघांनी मिळून केलं होतं, चोख झालं होतं.

रंधा बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.