दीपस्तंभाला लावलेलं बोट

"अहो काका, तोंड इकडे करा की. दीपस्तंभ काय पळून जातोय?"

सहलीच्या बसचा गाईड हसत म्हणाला आणि बसमधली मंडळीही हसली. शिंपी मात्र फोनच्या कॅमेऱ्याकडे पाठ करूनच उभा राहिला. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, डोक्यावर तरुण पोरं घालतात तशी टोपी. त्याने उजवा हात उंच केला आणि लांब खडकावरच्या दीपस्तंभाच्या टोकाला बोट टेकवल्यासारखं धरलं.

"टोपी जरा खाली ओढा," बायको म्हणाली. तिने फोटो काढला आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "आला. पांढरे केस नाही दिसत."

सकाळपासून गाईड हेच बघत होता. किल्ल्याच्या तटावर पाठ, संग्रहालयाच्या पायऱ्यांवर पाठ. मत्स्यालयात तर माशांनी तोंड दाखवलं, पण या गृहस्थाने नाही.

गाईडला काय सांगणार? शर्ट मुलाचा होता, टोपीही मुलाचीच. फोटोत असा हात उंचावून उभं राहायची सवयही त्याचीच. मुलगा याच शहरात नोकरीला होता आणि दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हा शिंप्याची आई हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. "त्यांना इतक्यात काही कळू देऊ नका," डॉक्टर म्हणाले. ते 'इतक्यात' काही केल्या संपेना. नातवाला रजा मिळत नाही अशी थाप एकदा मारली, मग पहिलीला टेकू म्हणून दुसरी आली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बजावून ठेवलं होतं.

पुढे आई उठून बसायला लागली आणि एक दिवस तिने फर्मान सोडलं. "पोराला म्हणावं, एवढ्या मोठ्या शहरात राहतोस, बघतोस तरी काय? मला फोटो पाठव."

मुलगा गेल्यापासून नवराबायकोची अन्नावरची वासनाच उडाली होती. दुकान कसंबसं उघडायचं, चूल पेटली तर पेटली. पण म्हातारीचं मन मोडवेना. शिंप्याने मुलाचा शर्ट काढला. तो अंगाला होईना, तेव्हा दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून बगलेपर्यंत जुळत्या कापडाची पट्टी घातली. पट्टी अशी बेमालूम बसली की धंद्यातल्या माणसालाही कळू नये. ती शिवताना डोळे भरून येऊन त्याला सुई दिसत नव्हती.

तेव्हापासून अधूनमधून आईची फर्माइश यायचीच. कधी किल्ला, कधी बंदर, कधी बाग. पोराला भेटून येतो असं तिला सांगून दोघं शहर गाठायची. "तिथे काय खाल्लं तेही विचार त्याला," ती म्हणायची. मग खोटं पकडलं जायला नको म्हणून दोघं खरोखरच काहीतरी खायची. फोनवर बोलायचं मात्र तिने कधी नाव काढलं नाही. "मला कुठे धड ऐकू येतं," म्हणायची, आणि यांचा जीव भांड्यात पडायचा. नजरही अधू झाल्याचं तीच सांगायची. सुईत दोरा अजून स्वतः ओवायची, पण तो हाताच्या सवयीने, असं शिंप्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. एके काळी दुकानातलं मशीन तीच चालवायची. त्याला कात्री धरायला शिकवलं तेही तिनेच.

बस सुटायला वेळ होता. दोघं समुद्राकडे तोंड करून बाकावर बसली. शिंप्याने तळलेला मासा आणि पाव आणला.

"तो आला असेल का हो इथे?" बायकोने विचारलं.

"आला असेल."

"किती वेळा म्हणाला, या, तुम्हाला शहर दाखवतो. आपलंच दुकान सुटत नव्हतं."

शिंप्याने मासा तिच्यापुढे सरकवला. हातातलं काम संपलं की येतो, असं तोच दर वेळी फोनवर सांगायचा. ते आठवलं की आजही त्याला स्वतःचे हात नकोसे व्हायचे.

"आता सगळं बघून झालं," बायको म्हणाली. "दाखवणारा तेवढा नाही." ती रडायला लागली. रडत रडतच तिने पाव मोडला आणि मासा संपवला. मग पदराने तोंड पुसलं. "आईंना कळलं तर?"

"तर ती जगायची नाही," शिंपी म्हणाला. "पोर गेलं, आता आई तरी राहू दे."

घरी परतल्यावर शिंप्याने फोटो छापून आणला आणि आईपुढे जाऊन बसला. आई खिडकीपाशी होती. बायको आत स्वयंपाकघरात गेली होती. बऱ्याच दिवसांनी तिने पूर्ण स्वयंपाक काढला होता.

"हा बघ दीपस्तंभ," शिंपी म्हणाला. "तुझी सारखी आठवण काढतो. कामातून मान वर करायला फुरसत नाही त्याला. यायचं म्हणतो, पण..."

आईने फोटो उजेडात धरला. टोपीवरून, खांद्यावरून, उंचावलेल्या हातावरून अंगठा सावकाश खाली आणला आणि बगलेपाशी थांबवला.

"इथे चौकडी मोडते रे," ती म्हणाली. "पट्टी घालताना आधी आडव्या रेघा जुळवायच्या. पहिल्या फोटोपासून सांगीन म्हणते."

आईने फोटो शिंप्याच्या हातात ठेवला आणि त्याची मूठ आपल्या हाताने मिटली. मग स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला.

"मला माहीत आहे ते तिला कळू देऊ नकोस. पुढच्या वेळी बोटीतून फिरून या. तिकडून आलात की चार दिवस तुम्ही दोघं नीट जेवता."