भर बाजारातलं भांडण

डच शिकणारी हनादी डेव्हेंटरच्या बाजारातून धावतच घरी आली.

“निझार, आज माशाच्या गाडीवर कडाक्याचं भांडले! गाडीवाल्याने विचारलं, आता कुणाचा नंबर? मी म्हटलं, माझा. शेजारी उभी असलेली आजी खवळली. मग मीही सोडलं नाही. डचमधली क्रियापदं अगदी जागच्या जागी! आणि रागातही ‘अहो’च म्हणत होते हं, ‘अगं’ नाही.”

“मग, जिंकलीस?” नवऱ्याने विचारलं.

“छे! नंबर तिचाच होता.”

“मग नाचतेयस कशाला?”

“अरे, मी डच बोलायला तोंड उघडलं की इथली माणसं माझी कीव करून लगेच इंग्रजी सुरू करतात. आजी मात्र शेवटपर्यंत डचमध्येच भांडली. जराही दयामाया नाही!”