मध्येच येणारी म्हातारी

कुमासीत लग्न असो की मयत, अदाईचा डीव्हीडी कॅमेरा सुरू झाला की बिरागो म्हातारी मध्येच येऊन उभी. "फोसू, बघ रे, बारीक झाले का मी? ये की एकदा!"

"मावशी, तुझा पोरगा हॅम्बर्गला. तो कशाला बघतोय लोकांची मयतं?" अदाई करवादायचा.

"आपल्या माणसांत फिरतात या डीव्हीड्या तिकडे. दिसेन कधीतरी."

गिऱ्हाइकं कुरकुरायची, म्हणून एडिटिंगला बसला की अदाई आधी तिला कापायचा आणि मूळ डिस्क पुसून पुढच्या कामाला घ्यायचा.

परवा फोसू आला, आईच्याच मयताला.



"अदाई, तुझ्या डीव्हीड्या मागून मागून लोकांची किती मयतं बघितली मी तिकडे, पण आई कुठेच दिसली नाही. तुझ्याकडे तरी असेल ना?"